भांडे गळले, कुंडी झाली

फुलझाड लावायच्या भांड्याला मराठीत कुंडी म्हणतात, आणि केर टाकायची जागाही कुंडीच. फक्त तिच्यामागे ‘कचरा’ लागतो. विहिरीच्या काठी गुरांना पाणी पाजण्यासाठी ठेवलेले दगडी भांडे, तीही कुंडी. संस्कृतातले कुंड, कुंडी, कुंडिका हे शब्द मुळात पाण्याच्या भांड्याचे आहेत. संन्याशाच्या कमंडलूला कुंडिका म्हटलेले आढळते. झाड या शब्दात मागाहून राहायला आले. भाषेने झाडासाठी वेगळ्या भांड्याचे नाव घडवले नाही, घरात होते त्याच भांड्याचे नाव झाडाला दिले. यावरून एक तर्क करता येतो: ज्या समाजाने हा शब्द वापरात आणला, त्याच्या घरी झाडासाठी मुद्दाम भांडे विकत आणायची रीत फारशी नसावी. झाड लावायचे तर ते जमिनीत, आणि जमीन नसेल तर घरातल्या अशा भांड्यात, ज्याचे मूळचे काम आता संपले आहे. तर मग भांड्याचे काम संपले हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? जुन्या वस्तूंच्या कुंड्या करण्याच्या चालीचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

आज या चालीकडे हौस म्हणून पाहिले जाते. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून ती शिकवतात, आणि जुन्या किटलीत लावलेली सदाफुली कौतुकाने दाखवली जाते. हौस वाईट नाही. पण हौशीचा चष्मा लावला की जुन्या चालीतला काटेकोरपणा दिसेनासा होतो. पूर्वी घरातली कोणतीही जुनी वस्तू कुंडी होत नसे. कुंडी होण्यासाठी वस्तूला दोन कसोट्यांतून जावे लागे: ती गळू लागली पाहिजे, आणि बाजारात तिला कोणी काही देईनासे झाले पाहिजे. या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच तिच्यात माती पडे. पनवेलसारख्या व्यापारी गावाच्या घरात कोणकोणत्या वस्तू आल्या आणि त्यांतल्या कोणत्या अखेर ओसरीच्या कडेला माती भरून बसल्या, हे ताडून पाहिले की ही दुहेरी कसोटी स्पष्ट दिसते.

पनवेल हे मालाच्या वाटेवर वाढलेले गाव. खाडीतून मुंबईची गलबते येत आणि इथून बोरघाटाची वाट देशावर चढे. १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, घाटातला गाडीरस्ता खुला झाला. तेव्हापासून मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस आणि माल पाण्याने पनवेलला उतरे आणि पुढे बैलगाडीने जाई. १८५२ साली इथे नगरपालिका आली; राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. गावाची प्रसिद्धी भाताच्या व्यापारासाठी होती, तशीच बैलगाडीच्या चाकांसाठीही. या चाकाचेच उदाहरण पाहण्याजोगे आहे. आज रिसॉर्टच्या दारात जुने चाक आडवे टाकून त्याच्या आऱ्यांमध्ये फुलझाडे लावतात. ज्या काळात पनवेलला चाके घडत होती, त्या काळात हे सुचणेच कठीण होते. चाक निकामी झाले की त्याची लोखंडी धाव लोहाराकडे जाई आणि लाकूड चुलीत. झाडासाठी उरण्यासारखे त्यात काहीच नसे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली ती कल्याण-कर्जतवरून, आणि पनवेलचा देशावरचा व्यापार ओसरला. तरी गावाचा स्वभाव व्यापाऱ्याचाच राहिला. वस्तूचा शेवटचा पैसाही वसूल झाला पाहिजे, हे अशा गावाला शिकवावे लागत नाही.

जुन्या पनवेलच्या घरात कुंडीची गरजही कमी होती. पुढे अंगण, मागे परस आणि परसात विहीर असलेल्या घरात झाड जमिनीतच लागे. न्हाणीचे पाणी पन्हळीतून केळीला आणि अळवाला जाई, त्यासाठी वेगळे शिंपण नको. अबोली, तेरडा, गुलबक्षी यांना आळे पुरे. भांड्यासारख्या बंदिस्त जागेत वाढणारे झाड म्हणजे वृंदावनातली तुळस, आणि तेही वृंदावन चुन्यामातीने जमिनीशी बांधलेले. नवरात्रात घटाभोवती पत्रावळीवर किंवा परडीत माती पसरून धान्य पेरत, पण ते नऊ दिवसांपुरते. भाजीची रोपे करायला करवंटी होतीच; पण तीही रोप जमिनीत जाईपर्यंतच. मुंबईत या सुमारास वेगळी रीत रुजत होती. १८३० साली पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या मंडळाची स्थापना झाली, १८६२ साली भायखळ्याची राणीची बाग लोकांसाठी उघडली, आणि बंगल्यांच्या पायऱ्यांवर लाल मातीच्या, गेरू लावलेल्या कुंड्या ओळीने दिसू लागल्या. त्या कुंड्या विकत घेतलेल्या आणि शोभेच्या. पनवेलच्या परसाला त्यांची ओढ लागायचे कारण नव्हते.

आता घरातल्या भांड्यांचा हिशेब. तांब्यापितळेचे भांडे कुंडी होण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. कल्हई उडाली तर कल्हईवाला येई. पोचा आला तर तांबट ठोकून देई. छिद्र पडले तर डाग देऊन भांडे पुन्हा वापरात येई. आणि सगळे उपाय थकले की ते वजनावर मोडीत जाई. मोड घालून नवे भांडे घेणे हा संसारातला नेहमीचा व्यवहार होता. हंडा, घंगाळ, परात यांची किंमत धातूच्या वजनात होती, म्हणून घंगाळ कितीही जुने झाले तरी ते ऐवज होते, अडचणीच्या वेळी गहाण ठेवता येणारे. अशा ऐवजात माती भरणे हा वेडेपणा ठरला असता. कपड्यांचेही तसेच: जुनी लुगडी बोहारीण घेऊन जाई आणि बदल्यात भांडे देई. मातीच्या भांड्यांची तऱ्हा उलटी. मडके फुटले तर त्याला मोल नाही, पण ते फुटते तेव्हा बहुधा खापऱ्याच होतात. आख्खा बुडखा उरला तर त्यात कोंबड्यांना पाणी ठेवत. दगडी जाते, पाटा, उखळ ही तर झिजत नाहीत तोवर कामात, आणि झिजली तर टाकी लावून पुन्हा कामात. थोडक्यात, जुन्या घरातल्या जवळपास प्रत्येक वस्तूचा शेवट आधीच ठरलेला होता: मोडीत, चुलीत, बोहारणीच्या पाटीत किंवा उकिरड्यावर. कुंडीसाठी वस्तू शिल्लक राहावी अशी फटच त्या व्यवस्थेत नव्हती.

ही फट पाडली पत्र्याच्या डब्याने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल हिंदुस्थानात येऊ लागले, आधी अमेरिकेतून आणि मग रशियातल्या बाकूहून. ते येई चौकोनी पत्र्याच्या डब्यांत. या डब्याबद्दलची एक हकीकत तेलाच्या व्यापाराच्या इतिहासात नोंदलेली आहे. १८९२ साली मार्कस सॅम्युएल याने सुएझ कालव्यातून टाकीच्या जहाजाने सुटे रॉकेल आशियात आणले. डब्यांचा खर्च वाचल्यामुळे आपण अमेरिकन तेलावर सहज मात करू असा त्याचा हिशेब होता. पण सुटे तेल घ्यायला लोक स्वतःचे भांडे घेऊन येतील, ही त्याची अटकळ चुकली. गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता. अमेरिकन कंपनीच्या निळ्या डब्यांपासून लोक छपराचे पत्रे, चुली, दिवे, मापे अशा नाना वस्तू करत होते. शेवटी सॅम्युएलला पत्रा पाठवून आशियातच लाल डबे तयार करून घ्यावे लागले. वेष्टनाला स्वतःची किंमत असते, हे त्या व्यापाऱ्याला आशियातल्या घरांनी दाखवून दिले. पुढे १९३७ साली डालडा आला, हिरव्या माडाचे चित्र असलेल्या पिवळ्या डब्यात. तूप संपले की डब्यात डाळ, मग पीठ, मग न्हाणीत पाणी घ्यायला तोच डबा, आणि तळ गंजला की त्यात तुळस. कित्येक मराठी घरांत वनस्पती तूप खाणे कमीपणाचे मानत, पण त्याचा डबा सगळ्यांना चाले.

पत्र्याच्या डब्याचे वेगळेपण दोन्ही कसोट्यांवर उतरते. पहिली किमतीची. पत्र्यात धातू असतो पण थोडा, त्यामुळे मोडीत त्याला पितळेसारखा भाव नाही. पंधरा किलोचा तेलाचा डबा चांगल्या स्थितीत असेपर्यंत परत विकला जाई, कारण तो पुन्हा भरता येई. खाद्यतेलासाठी एकदा वापरलेला डबा पुन्हा वापरायला मनाई असल्याचे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही स्पष्ट लिहावे लागले, इतकी ती पद्धत रुजलेली होती. पण तळ गंजलेला डबा कोणी भरणार नाही आणि भंगारवालाही त्याचे फारसे काही देणार नाही. दुसरी कसोटी गळण्याची, आणि इथे निसर्गाने जणू काम करून ठेवलेले असते. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बंद तळाच्या भांड्यात लावलेले झाड अशा पावसात मरते, कारण माती पाण्याने भरली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. झाडाच्या भांड्याला तळाशी वाट हवीच. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत पत्रा तळापासून गंजत जातो आणि ती वाट आपोआप पडते. गळणे हा पाण्याच्या भांड्याचा मोठ्यातला मोठा दोष, आणि झाडाच्या भांड्याची पहिली गरज. ज्या क्षणी डबा एका कामातून बाद होतो, नेमका त्याच क्षणी तो दुसऱ्या कामाला लायक होतो. हे गणित कोणी वहीत मांडले नव्हते, पण घराघरांतल्या बायकांना ते पाठ होते.

असे घडले ते एकट्या कोकणात किंवा भारतात नव्हे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या बागांचे उत्खनन झाले तेव्हा झाडांच्या मुळाशी छिद्रे असलेली मातीची भांडी सापडली. त्यांतली काही मुद्दाम घडवलेली, पण काही मालवाहतुकीच्या जुन्या बरण्यांचे तुकडे होती. दारू आणि तेल गलबतांतून ज्या उंच निमुळत्या बरण्यांत येई, त्या बरण्या रिकाम्या झाल्यावर परत पाठवणे परवडत नसे, मोडीत त्यांना भाव नसे आणि संख्या मात्र अफाट असे. रोमन बंदराची बरणी आणि पनवेलचा तेलाचा डबा यांच्यात एकोणीस शतकांचे अंतर आहे, तरी दोघांची गोष्ट एकच आहे. ज्या गावात माल बाहेरून येतो तिथे मालाचे वेष्टनही येते, आणि वेष्टन परत जात नाही. झाडासाठी भांडे मिळते ते या न परतणाऱ्या वेष्टनातून. म्हणून या चालीला घरगुती भांड्यांची चाल म्हणण्यापेक्षा वेष्टनांची चाल म्हणणे अधिक खरे होईल.

भांडे मिळाले, तरी गरज कुठून आली? ती आली अंगण गेल्यामुळे. मुंबईच्या चाळींत कोकणातून गेलेल्या कामकरी कुटुंबांना एक खोली आणि समाईक गॅलरी मिळे. तिथे वृंदावन बांधणे अशक्य, म्हणून गॅलरीच्या कठड्यावर तारेने बांधलेल्या डब्यात तुळस आली. पनवेलला हीच स्थिती उशिरा आली, पण आली तेव्हा झपाट्याने आली. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांची जमीन त्या आखणीत आली. भातखाचरे, मिठागरे आणि परसबागा यांच्या जागी सेक्टर उभे राहिले आणि नवीन पनवेलच्या इमारतींत माणसे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहू लागली. तळमजल्यावर जागा मिळाली तरी खाडीलगतच्या भरावाची माती झाडाला नेहमीच मानवत नाही. या भागात खारटपणा किती खोल मुरलेला आहे हे सांगायला एकच गोष्ट पुरे: कोकण कृषी विद्यापीठाला पनवेलला खास खारभूमी संशोधन केंद्र चालवावे लागते, आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण तिथून ‘पनवेल’ याच नावाने बाहेर पडले आहेत. अशा ठिकाणी बाहेरून आणलेली लाल माती डब्यात भरणे हा सरळ मार्ग होता. शिवाय डबा उचलून नेता येतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूला आणि जमीन संपादनात घर गेलेल्या कुटुंबाला वृंदावन सोबत नेता येत नाही. डब्यातली तुळस नेता येते. जमिनीवरचा हक्क गेला त्या घरांत झाडावरचा हक्क टिकला तो या डब्यामुळे.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा किंवा रूढीचा येईल. फुटके भांडे घरात ठेवू नये, तडा गेलेल्या भांड्यात खाऊ नये, असे आपल्याकडे मानतात. मडके फोडण्याचा संबंध तर थेट अंत्यविधीशी आहे. मग ज्या तुळशीला रोज पाणी आणि दिवा, तिला गंजक्या डब्यात कशी बसवली? हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर रूढीच्या आतच सापडते. फुटके म्हणजे आपले काम करू न शकणारे. भोक असलेली कुंडी आपले काम नीट करते, म्हणून ती फुटकी ठरत नाही. वापर बदलला की दोषाची व्याख्याही बदलते. दुसरे असे की सोवळ्याओवळ्याचे नियम धातूंना आणि मातीच्या भांड्यांना बारकाईने लागू होते, पण पत्रा हा उपरा होता, त्या नियमांत त्याला जागाच नव्हती. आणि तिसरी गोष्ट, माती स्वतः शुद्ध करणारी मानली गेली आहे. हात धुवायला, भांडी घासायला मातीच वापरली जाई. डब्याला बाहेरून गेरू-चुना लावला, कडेला स्वस्तिक रेखले आणि आत माती भरली की तो डबा उरत नसे. तुळशीच्या लग्नाला त्याच डब्याभोवती ऊस उभे राहत आणि मंगलाष्टके होत. रूढीने या डब्याला विरोध केल्याचे दिसत नाही. तिने त्याला रंग लावून आत घेतले.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ही सगळी गरिबीची तडजोड, तिला परंपरा म्हणून गौरवणे म्हणजे अभावाचे उदात्तीकरण करणे, असे कोणी म्हणेल. यातला अर्धा भाग मान्य केला पाहिजे. डबा वापरला गेला कारण कुंडीसाठी पैसे वेगळे काढणे परवडत नव्हते किंवा ते पटत नव्हते. पण अभाव एवढेच सांगतो की भांडे कोणते वापरले. झाड का लावले हे तो सांगत नाही. डब्यांतून दिसणारी झाडे पाहा: तुळस, अबोली, सदाफुली, गवती चहा, ओवा, कोरफड. यांतल्या कशावाचून कोणाची उपासमार होत नव्हती. वेणीत माळायला चार फुले, चहात टाकायला एक पात, पोरांच्या सर्दीखोकल्याला दोन पाने, यासाठी हा खटाटोप होता. प्राचीन अथेन्समध्ये ॲडोनिसच्या उत्सवात बायका फुटक्या मडक्यांत माती घालून लवकर उगवणारे बी पेरत आणि ती मडकी घराच्या छपरावर ठेवत; चारआठ दिवसांत ते कोंब सुकून जात आणि तेच त्या विधीत अभिप्रेत होते. आपल्या नवरात्रातल्या घटाशी त्याचे साम्य उघड आहे. पोट भरण्याशी या पेरणीचा संबंध नव्हता. ज्यांच्या हाती शेत नाही, किंवा शेत असूनही त्यावर नाव नाही, त्यांना मूठभर मातीवर स्वतःचा अंमल हवा असतो. घरातले टाकलेले भांडे ही ती मूठभर जागा, आणि तिच्यावर मालकी सांगायला दुसरे कोणी येत नाही.

गेल्या तीसचाळीस वर्षांत हे चित्र दोन बाजूंनी पालटले. एका बाजूला डबा गेला आणि प्लास्टिक आले: रंगाच्या बादल्या, तेलाचे कॅन, फुटके टब, बरण्या. प्लास्टिक गंजत नाही, म्हणून त्याला स्वतःहून भोक पडत नाही. तापलेल्या सळईने ते पाडावे लागते. प्लास्टिक मातीत मिसळत नाही, उन्हाने तडकून त्याचा चुरा होतो आणि तो चुरा तसाच राहतो. पत्र्याची कुंडी दोनचार पावसाळ्यांत मातीला मिळे, प्लास्टिकची कुंडी हा शेवट नसून वाटेतला थांबा आहे. दुसऱ्या बाजूला तांब्यापितळेचे नशीब फिरले. स्टीलची भांडी आणि नळाचे पाणी आल्यावर हंडा आणि घंगाळ कामातून गेले, पण मोडीत घालायला मन होईना. मग ज्या घंगाळात माती भरणे वेडेपणा ठरला असता, तेच घंगाळ पनवेलच्या आसपासच्या फार्महाऊसांच्या दारात मोगरा लावून ठेवलेले दिसते. त्याच तालुक्यात कळंबोलीचा लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे, जिथे धातूची किंमत रोज वजनावर ठरते. आणि तिथून थोड्या अंतरावर चांगले पितळ पावसात हिरवे पडत असते. यात पाप नाही. पण ही जुनी चाल नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जुन्या चालीत किंमत संपलेल्या वस्तूला काम मिळे. इथे किंमत असलेल्या वस्तूचे काम काढून तिला शोभेला बसवले आहे. चांगल्या तांब्याच्या भांड्याला भोक पाडण्यापेक्षा ते कल्हई करून वापरणे किंवा मोडीत घालणे जुन्या हिशेबाला अधिक धरून होईल.

तिसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. टाकलेले डबे, टायर आणि कुंडीखालच्या थाळ्या या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठदहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगितले जाते. शिसे ही दुसरी भीती. जुन्या डब्यांच्या जोडांना शिसेमिश्रित डाग दिलेला असे, आणि घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे २०१६ साली आला. त्याआधीच्या रंगाच्या डब्यात मेथी-पालक लावणे शहाणपणाचे नाही. तळोज्याच्या कारखान्यांसारख्या ठिकाणांहून बाहेर पडणारे रसायनांचे पिंप तर घराच्या जवळही आणू नयेत. पण इतिहासच इथे मदतीला येतो. जुनी चाल घरातल्या भांड्यांची होती, आणि कुंडी होण्याआधी त्या डब्याने त्याच घरात कित्येक वर्षे तूप, डाळ किंवा पाणी सांभाळलेले असे. रॉकेलचा डबासुद्धा धुऊन, उन्हात तापवून, पाणी वाहण्याच्या कामात घासून निघाल्यावरच झाडाकडे येई. ज्या भांड्याचा पूर्वेतिहास घराला ठाऊक आहे तेच घ्यावे, हा त्यातला न सांगितलेला नियम आजही पुरेसा चांगला आहे. आणि डासाचे म्हणाल तर, ज्या डब्यातून पाणी वाहून जाते त्यात तो वाढत नाही. तो वाढतो खालच्या थाळीत, आणि जुन्या डब्याखाली थाळी नसे.

शेवटचा आक्षेप हिशेबाचा: चार डब्यांनी शहराचा किती कचरा कमी होणार? फारच थोडा, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. २०१६ च्या ऑक्टोबरात पनवेलची महापालिका झाली. एवढ्या मोठ्या शहराचा केर गॅलरीतल्या कुंड्यांत मावणारा नाही, आणि तसा दावा करणे लोकांची दिशाभूल करणे होईल. या चालीचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून थोड्या जागेत, घरातल्याच पालापाचोळ्यावर पीक घेण्याचा विचार लोकांपुढे ठेवला. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून ओला कचरा कुजवून त्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली गेली. अशा प्रयोगांत भांडे कोणतेही चालते. खरी संपत्ती असते आत कुजून तयार होणारी माती. जुन्या डब्याने हीच सवय घराला लावली होती: भाजीची देठे, चहाचा चोथा, तांदळाचे धुवण त्यात जाई. वस्तू आणल्यापासून ती मातीला मिळेपर्यंत तिची जबाबदारी आपली, ही जाणीव त्या सवयीत होती. वस्तू घंटागाडीत टाकली की आपला संबंध संपला असे मानणाऱ्या घराला ती जाणीव पुन्हा कमवावी लागणार आहे.

म्हणून जुन्या वस्तूची कुंडी करायची तर जुन्याच कसोट्या लावाव्यात. दुरुस्त होईल ते दुरुस्त करावे. भंगारात भाव आहे ते भंगारात द्यावे, कारण तिथे ते वितळून पुन्हा कामाला येते. कोणी घेत नाही, गळते आहे, आणि ज्यात पूर्वी खाण्यापिण्याचेच होते, तेवढे झाडासाठी ठेवावे. कुंडी करायची म्हणून नवे प्लास्टिक विकत आणू नये, आणि जुने म्हणून चांगले भांडे वाया घालवू नये. एवढे पाळले तर दारच्या डब्यातली तुळस पनवेलच्या जुन्या घरांशी नाते सांगू शकेल. त्यासाठी खर्च काहीच नाही: डब्याच्या तळाला भोक पाडायला एक खिळा आणि एक दगड पुरतो.